सोड्याची रेष

आमच्या घरात पाय निळे नसलेलं माणूस म्हणजे पाहुणा. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिले आठ दिवस माझे पाय कोरे होते, तर सासू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, हिला अजून घरात घेतलेली नाही. आमचा धंदा निळीचा. चादरी, जाड पडदे, अंथरायची जाजमं, सगळं हौदात टाकायचं आणि पायांनी तुडवायचं. पातळ कापडाला हात पुरतो, जाडाला पायच लागतात, वजन पडल्याशिवाय रंग आत शिरत नाही. हौदातून पाय काढला की आधी हिरवा दिसतो, मग वारा लागला की बघता बघता निळा होतो. तीस वर्षं बघतेय, अजून मला ते बघायला आवडतं.

आमचे हे तुडवण्यात एक नंबर. उंच, काटकुळे, एकेक पाय गुडघ्याएवढा वर उचलून टाकणार. त्यावरून अख्ख्या वस्तीत त्यांचं नाव बगळा पडलं. त्यांना त्याचं काही वाटत नाही. उलट नवं गिऱ्हाईक आलं की स्वतःच सांगतात, मला बगळा म्हणतात, मासा मात्र आजवर एकही मिळाला नाही.

त्या वर्षी ओढा लवकर आटला. हौदाला पाणी लागतं ते घागरीनं नाही, पाटानं लागतं. चार दिवस वाट बघितली, मग हौद बंद केले. बंद म्हणजे काही आराम नाही. रिकाम्या हौदात उतरून तळाचा गाळ खरवडायचा, भिंतींना बसलेली खपली छिन्नीनं काढायची, वाळत घालायच्या दोऱ्या सोडून गाठी तपासायच्या. सून रोज दोन खेपा करून प्यायचं पाणी आणायची. मी आणि हे हौदात बसून खरवडायचो. उन्हात दगड असा तापायचा की बूड टेकवत नसे.

आठवड्यावर आठवडा गेला तसे आमचे पाय उतरायला लागले. उतरायला म्हणजे रंग जायला. कातडीवरचा रंग पंधरा-वीस दिवसांत जातो, टाचेच्या भेगांतला महिनाभर राहतो आणि नखांतला नख वाढेपर्यंत. हे आम्हाला सगळ्यांना पाठ आहे. तरी पहिल्यांदा ते दिसलं सुनेलाच. आमची सून बोलायला कमी, पण नजर रंगाची. दोन निळ्यांमधला फरक मला उन्हात कळतो, तिला घरात बसून कळतो. एक दिवस पाण्याची कळशी उतरवता उतरवता ती म्हणाली, बाबांचा उजवा पाय उतरला, डाव्याची दोन बोटं मात्र होती तशीच काळीनिळी आहेत.

मी म्हटलं, नखं असतील. ती म्हणाली, नखांचं नाही म्हणत मी.

यांना विचारलं तर म्हणाले, डावा जरा जास्त इमानदार आहे, मालकाचा रंग सोडत नाही. झालं, हसण्यावारी गेलं. तसे ते थोडे लंगडत होते, पण हौदाच्या कडेला ठेच लागली होती आणि हौदावर ठेच कुणाला लागत नाही? यांना साखर आहे, चार वर्षं झाली. गोळी आठवली तर घेतात. मी आठवण केली तर म्हणतात, तूच एवढी कडू, त्यात गोळी कशाला? अशा माणसाला काय सांगणार?

शेवटी मीच हट्टानं दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर तसे वाईट नाहीत. पण बाकावर माणसं, बाकाखाली माणसं, दारात माणसं. यांनी स्टुलावर बसून पाय पुढे केला. डॉक्टरांनी खुर्चीतूनच मान वाकडी करून बघितलं आणि म्हणाले, हा तर रंग आहे. असा माखलेला पाय घेऊन आलात तर मला काय दिसणार? आधी स्वच्छ धुऊन या, मग बघू.

मागे रांगेतला एकजण म्हणाला, दुसरा पण रंगवून या, जोडी जमेल. सगळे हसले. हेही हसले. पण बाहेर येऊन चपला घालताना त्यांनी दोन्ही पाय बाकाखाली ओढून घेतले, ते मी बघितलं. तीस वर्षं हा माणूस त्या पायांनी भर बाजारातून ताठ चालला आहे. पाय लपवताना त्यांना मी पहिल्यांदाच पाहत होते.

मला राग आला. आणि खरं सांगायचं तर डॉक्टरांचा नाही आला, त्या पायाचाच आला. म्हटलं, थांबा, असा पांढरा करून देते की डॉक्टरांचे डोळे दिपले पाहिजेत.

आता काय केलं ते सांगते. कापडावर चुकून रंग जास्त बसला की तो उतरवायला आम्ही कास्टिक सोड्याचं पाणी करतो. कुठे परगावी जायचं असलं तर आमची माणसं हातसुद्धा त्यातच उतरवतात. चिमूटभर सोडा, भरपूर पाणी, हात बुडवायचा आणि लगेच काढून चांगल्या पाण्यात धुवायचा. जरा चरचरतं, चरचरलं की काढायचा. तेच आमचं घड्याळ. मी टबात पाणी घेतलं आणि रागाच्या भरात चिमटीच्या जागी मूठ टाकली. सून पाण्याला गेली होती. ती घरात असती तर तिनं माझा हात धरला असता.

यांनी दोन्ही पाय टबात ठेवले. उजवा तिथल्या तिथे बाहेर काढला, म्हणाले, चावतंय गं. डावा मात्र आतच होता. मी विचारलं, डाव्याला चावत नाही? तर म्हणाले, डावा शहाणा आहे, तक्रार करत नाही.

मला बरं वाटलं, हेच मला आज गिळवत नाही. मी म्हटलं, मग राहू दे तो, चांगला उतरेल. आणि मी दोऱ्या गुंडाळायला मागे गेले. एक दोरी, दुसरी दोरी, तिसरीची गाठ सुटेना. अर्धा तास सहज झाला असेल. परत आले तर हे तसेच बसलेले, पाय टबात, सांगितल्या शब्दाचे पक्के. उभ्या आयुष्यात माझं एक ऐकलं नाही या माणसानं, आणि ऐकलं ते नेमकं हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पायाची कातडी भिजल्या कागदासारखी सुटायला लागली होती. घोट्यापर्यंत सगळं लालभडक आणि ओलं. आणि बोटं दोन्ही तशीच काळी. यांना विचारलं दुखतं का, तर म्हणाले, नाही, खरंच नाही. तेव्हा मात्र त्यांचा चेहरा थट्टेचा नव्हता. पाय सोलून निघालाय आणि दुखत नाही, ही गोष्ट त्यांनाही कळली होती.

सुनेनं एक पांढरं फडकं ओलं करून आणलं. गिऱ्हाइकाला रंग पक्का की कच्चा ते दाखवायला आम्ही असंच घासून दाखवतो. आधी तिनं यांच्या उजव्या टाचेच्या भेगेवर घासलं. फडक्यावर फिकी निळी रेघ आली. मग फडक्याची दुसरी बाजू घेऊन डाव्या बोटावर घासलं, हलक्या हातानं, दोनदा, तीनदा. फडकं पांढरंच राहिलं.

"आई," ती म्हणाली, "हा रंग आपला नाही."

इतके दिवस आम्ही आजाराला रंग समजत होतो. आमचं काय, कुणीही डोळस माणूस बोट काळं पडलं की घाबरला असता, आम्हीच तेवढे घाबरलो नाही, कारण आमच्या घरात पाय असाच असतो.

तसंच उठून दवाखाना गाठला. या वेळी सुनेनं रांग बघितली नाही. आत जाऊन ते फडकं डॉक्टरांच्या टेबलावर पसरलं आणि कुठली बाजू कुठे घासली ते सांगितलं. डॉक्टर आधी चिडले, मग त्यांनी फडकं जवळ ओढून बघितलं. उठून हातमोजे घातले आणि पाय हातात घेतला. बोट दाबलं, दोन्ही पायांना हात लावून गार-गरम बघितलं. लगेच मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी लिहायला बसले. लिहिता लिहिता म्हणाले, मी तेव्हाच हात लावून बघायला हवं होतं. एवढं तरी म्हणाले. मग विचारलं, पायाला काही लावलं होतं का?

मी म्हटलं, साबण.

सुनेनं माझ्याकडे बघितलं. अंगणात उपडा पडलेला टब आणि उघडा राहिलेला सोड्याचा डबा तिनं बघितला होता. यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

मोठ्या दवाखान्यात चार दिवस काढले. तिथे येणारा प्रत्येकजण चादर उचलायचा, पाय बघायचा, सोबतच्या माणसाशी त्यांच्या भाषेत बोलायचा आणि चादर टाकून पुढे जायचा. आमचे हे पहिल्या दिवशी एकदोनदा काही गमतीचं बोलले. कुणी ऐकलं नाही. मग त्यांनी बोलणं सोडलं. छताकडे बघत पडून राहायचे. पाय चादरीबाहेर आला की आत घ्यायचे. नर्स विचारायची, दुखतं का? हे म्हणायचे, नाही. खरं तेच सांगत होते, पण त्या खऱ्याचा काय अर्थ होतो ते त्यांना कुणी विचारत नव्हतं.

डॉक्टर मला रोज एकदा तरी विचारायचे, काही लावलं होतं का? मी म्हणायची साबण. तिसऱ्या दिवसापासून विचारणं बंद झालं, कारण कागदावर साबण लिहिलेलं होतं. तोंडातली गोष्ट गिळता येते हो, कागदावरची कशी गिळणार? रोज ठरवायची, उद्या सांगते. आणि उद्या कुणीतरी कोट घातलेलं समोर आलं की मी पाण्याची बाटली भरायला उठायची. नवऱ्याचा पाय बायकोनंच भाजला, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? सून एकदा हळूच म्हणाली, आई, सांगून टाकू या का? मी तिला म्हटलं, तू गप्प बस. वाईट वाटतं आता, पण म्हटलं.

चौथ्या दिवशी आमचा मुलगा आला. तो मालाच्या गाडीवर असतो, आठ-आठ दिवस बाहेर. तसाच गाडी लावून आला होता, हाताला वंगण. तो आला तसे मोठे डॉक्टरही आले आणि खाटेच्या पायथ्याशी उभे राहून फक्त त्याच्याशीच बोलायला लागले. चार दिवस मी आणि सून तिथे बसलो होतो. कधी ताप आला, किती खाल्लं, पाय कधी लाल होता, सगळं आम्हाला ठाऊक. पण पुरुष माणूस आला ना, मग आम्ही स्टूल आणि पाण्याची बाटली.

डॉक्टर म्हणाले, बोटं गेलेलीच आहेत. पण वर घोट्यापर्यंत कातडी खराब झाली आहे, म्हणजे दोष वर चढतोय. आणखी वाट बघितली तर जिवाला धोका. गुडघ्याखाली पाय काढावा लागेल, उद्या सकाळी. मुलानं वंगणाचे हात पँटीला पुसले. तो म्हणाला, तुम्ही म्हणाल तसं, डॉक्टर. कागद आला. मुलगा खिशात पेन चाचपायला लागला.

मी यांच्याकडे बघितलं. ते छताकडेच बघत होते. चादरीखाली त्यांचा उजवा पाय हळूहळू वरखाली होत होता, हौदात पडतो तसा. मला वाटतं त्यांना ते कळतही नव्हतं.

मग मी पायाकडे बघितलं. पट्टी सोडून ठेवली होती. घोट्याच्या वर जिथे लाल संपत होतं तिथे रेष होती. पायाभोवती गोल फिरलेली, सरळ, सारख्या उंचीची. मी ती रेष चार दिवस बघत होते आणि चार दिवस माझी मान खाली होती, कारण ती कशाची ते मला माहीत होतं. आणि आत्ता, मुलाच्या हातात पेन आलं तेव्हा, माझ्या डोक्यात लख्ख पडलं की डॉक्टरांना ते माहीत नाही. डॉक्टर माझं पाप बघत होते आणि त्याला आजार म्हणत होते. मी गप्प राहिले तर माझी लाज राहणार होती आणि पाय जाणार होता.

"साबण नव्हता," मी म्हटलं.

आवाज इतका बारीक निघाला की कुणाला ऐकूच गेला नाही. मी उठले, मुलाच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि परत म्हटलं.

"डॉक्टर, साबण नव्हता. कास्टिक सोडा होता. मूठभर. टबात अर्धा तास पाय होता. मी ठेवायला लावला."

मोठे डॉक्टर माझ्याकडे वळले. मग बोलले. जे बोलले ते मी सगळं सांगत नाही. चार दिवस तुम्ही आम्हाला फसवलंत, तुम्हाला काही अक्कल आहे का, असं बरंच होतं आणि ते चूक नव्हतं. आजूबाजूच्या खाटांवरची माणसं उठून बसली. माझे कान तापले. तरी मी म्हटलं, मला नंतर बोला, हवं तेवढं बोला, आधी ही रेष बघा. टबातल्या पाण्याची आहे ती. आजार असा पाण्यासारखा सपाट चढतो का?

ते वाकले नाहीत. म्हणाले, सोड्यानं भाजलं असेल, पण दोष चढत नाहीये हे तुम्ही कशावरून सांगता? तेवढ्यात माझ्यामागून सून पुढे आली. तिनं चादर उचलली आणि यांचा उजवा पाय डाव्याशेजारी नेऊन ठेवला.

"हा पण टबात होता, लगेच काढला," ती म्हणाली. "कातडी बघा. वर आहे तशी राकट आहे, खाली सोड्यानं उजळली आहे. घोट्यावर बघा, फिकी रेष आहे. दोन्ही पायांना एकाच उंचीवर आहे."

तेव्हा डॉक्टर वाकले. खिशातली बॅटरी काढून आधी उजवा बघितला, मग डावा, मग परत उजवा. रेषेवरून बोट फिरवलं. मग नर्सला सांगून एक छोटं यंत्र मागवलं, घोट्याला टेकवलं, तर त्यातून फुसफुस आवाज यायला लागला. नर्स म्हणाली, रक्त जातंय, त्याचा आवाज आहे. पायाच्या पाठीवर टेकवलं, तिथेही आला, जरा बारीक. बोटांवर नाही आला.

डॉक्टरांनी कागद मुलाच्या हातातून परत घेतला. आणि चार दिवसांत पहिल्यांदा त्यांनी खुर्ची ओढली, यांच्या उशाशी बसले आणि यांनाच विचारलं की पाय कुठपर्यंत कळतो. मी तोंड उघडलं होतं, पण मिटलं. यांनी डोळे बंद केले. डॉक्टर टोचत गेले आणि हे सांगत गेले. इथे नाही. इथे नाही. इथे काहीतरी आहे. इथे कळतं.

मग डॉक्टरांनी विचारलं, सोड्याचं तुम्हाला माहीत होतं ना? पाय तुमचा, उद्या तो जाणार होता. एका शब्दानं तरी सांगायचं होतं.

हे म्हणाले, "हिला बोलले असते सगळे."

मला त्या क्षणी त्या माणसाला मिठी मारावी की थोबाडीत द्यावी ते कळेना. मी दोन्ही केलं नाही. खाली बसले आणि पदर तोंडात कोंबून रडले. गुडघ्याखाली पाय द्यायला निघाला होता हा माणूस, मला चार शब्द ऐकावे लागू नयेत म्हणून. आणि मी ते चार शब्द टाळायला त्याचा पाय द्यायला निघाले होते. तीस वर्षं एका हौदात उभे राहिलो आम्ही, आणि दोघांची अक्कल मिळून एवढीच.

दोन बोटं काढली. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की शब्द देत नाही, भाजलेलं भरलं नाही तर पुन्हा विचार करावा लागेल. यांनी त्यांना उलट विचारलं, भरतंय की नाही ते मला कसं कळणार? मला तर कळत नाही. डॉक्टर म्हणाले, डोळ्यांनी बघा, रोज, दोन वेळा. तेव्हापासून सून सकाळी बघते, संध्याकाळी मी बघते आणि आरसा धरून तळवा हे स्वतः बघतात. दीड महिन्यानं जखम सुकली. गोळी आता न सांगता घेतात. मी कडू आहे हे वेगळं सांगतात.

पुढे ओढ्याला पाणी आलं. पाट सोडले, हौद भरले. यांना हौद बंद, कायमचा, दोन्ही पायांना. पहिल्या दिवशी ते काठावर पाठ करून बसले होते. जाजमं माझ्या वाट्याला आली. माझं वजन बरं आहे, रंग चांगला शिरतो, पण पाय मला यांच्यासारखा उचलता येत नाही. चार फेऱ्या झाल्यावर मागून आवाज आला, बगळा गेला आणि बदक आलं. मी वळून बघितलं तर ते तोंड माझ्याकडे करून बसले होते. मग दिवसभर, डावीकडे कोरं राहिलंय, उजवीकडे दाब, असं चालू झालं. मी शिव्या घातल्या आणि तुडवत राहिले.

परवा तपासणीला आमच्याच दवाखान्यात गेलो. तीच गर्दी, तेच बाक, तेच डॉक्टर. ते काही म्हणायच्या आत मी माझे निळेशार पाय पुढे केले, पिशवीतलं ओलं फडकं काढून त्यांच्यादेखत घासलं आणि टेबलावर ठेवलं. म्हटलं, हा रंग आहे, हा निघतो, माझ्याकडे बघू नका. रांगेत कुणीतरी हसलं. डॉक्टरही हसले.

मग हे स्टुलावर बसले. चप्पल काढली, डावा पाय उचलून स्वतःच डॉक्टरांच्या मांडीवर ठेवला, तीन बोटांचा, गोरा. कुणी काही विचारलं नव्हतं. त्यांनी घोट्याखाली बोट टेकवलं आणि रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

"इथपर्यंत कळतं, डॉक्टर. इथून खाली कळत नाही. टाचेला काल नवीन भेग पडलीय, ती दुखत नाही, म्हणून सांगतोय. लिहून घ्या."

डॉक्टरांनी लिहून घेतलं.